मेंदूतले कलम

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना वाटेत केळझर लागते. टेकडीवरचा सिद्धिविनायक प्रसिद्ध आहे, आणि पांडव अज्ञातपणे राहिले ती एकचक्रानगरी हीच असे गावकरी सांगतात. आम्हांला शाळेत विज्ञान शिकवणारे एक गुरुजी निवृत्तीनंतर या गावात राहतात. मागच्या खेपेस भेटायला गेलो तेव्हा त्यांचा उजवा हात थरथरत होता. एके काळी फळ्यावर हातानेच काढलेले त्यांचे वर्तुळ कंपासाने काढल्यासारखे दिसे. आता चहाची बशी दोन्ही हातांनी धरावी लागते. डॉक्टरांनी कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा विकार, असे निदान केले आहे.

गुरुजींनी एक जाहिरात पुढे केली. मूलपेशी टोचून कंपवात बरा करू, असे तिच्यात म्हटले होते. खर्च इतका, की त्यासाठी शेताचा तुकडा विकावा लागला असता. आमच्या चेहऱ्यावरची शंका पाहून ते हसले आणि म्हणाले, "गणपतीले हत्तीचं डोकं चाललं, मग मले चिमूटभर पेशी काहून नाही चालणार?"

पुराणातल्या कथेला प्रयोगशाळेचे नियम लावण्यात अर्थ नाही. पण गुरुजींचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखाही नव्हता. एका शरीराचा भाग दुसऱ्या शरीरात रुजतो का? आणि मेंदूत रुजतो का? या दोन प्रश्नांना मोठा इतिहास आहे, आणि त्याचे एक पान आपल्या पुण्याजवळ लिहिले गेले आहे.

पुण्याचे नाक

१७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एक पत्र छापून आले. कावसजी नावाचा एक बैलगाडीवान इंग्रजी सैन्याच्या चाकरीत होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. हा कारागीर वैद्य नव्हता. विटा भाजणाऱ्यांच्या जातीतला होता, एवढेच पत्रात सांगितले आहे. त्याचे नाव कोणी नोंदवले नाही. शस्त्रक्रिया पाहणाऱ्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावे मात्र इतिहासात राहिली.

कृती अशी होती. प्रथम मेणाचे पातळ नाक घडवून ते जागेवर बसते का ते पाहिले. मग ते सपाट करून कपाळावर ठेवले आणि त्याच्या कडेने रेघ मारली. रेघेवरून कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मधली एक पट्टी कापली नाही. तिच्यातून रक्त येत राहिले. कातडी पीळ देऊन खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. सुमारे पंचविसाव्या दिवशी, ती नव्या जागी रुजल्यावर, मधली पट्टी कापून टाकली. ही रीत सुश्रुतसंहितेतल्या परंपरेशी नाते सांगते. पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने १८१४ मध्ये तसेच नाक घडवले, आणि युरोपात ही शस्त्रक्रिया 'भारतीय पद्धत' म्हणून ओळखली जाऊ लागली.

आमच्या विषयाच्या दृष्टीने या हकिकतीतली महत्त्वाची गोष्ट एकच आहे. कातडी कावसजीच्याच कपाळाची होती. शेजाऱ्याच्या कपाळाची असती तर पुण्याच्या कारागिराचे कौशल्य तेच असूनही ते नाक काही दिवसांत काळे पडून गळाले असते. इटलीतल्या तालियाकोत्सी या शल्यचिकित्सकाने १५९७ मध्ये ग्रंथ लिहिला तेव्हा हा अनुभव नोंदवला होता. प्रत्येक माणसाचे काही वेगळेपण असते आणि त्यामुळे दुसऱ्याची कातडी चिकटत नाही, असे त्याचे म्हणणे होते. ते वेगळेपण म्हणजे नेमके काय, हे कळायला साडेतीनशे वर्षे लागली.

झाडांचे तसे नसते. गुरुजींनीच आम्हांला जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरायला शिकवले होते. खुंट एका जातीचा, डोळा दुसऱ्या जातीचा, तरी झाड वर्षानुवर्षे फळ देते. जवळच्या जातींची कलमे जमतात, कारण परकी पेशी शोधत हिंडणाऱ्या पांढऱ्या पेशी वनस्पतींत नसतात. आपल्या शरीरात त्या असतात.

परके ओळखणारे पहारेकरी

दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या सैनिकांना कातडी लावण्याचा प्रश्न तातडीचा झाला. ग्लासगोच्या रुग्णालयात थॉमस गिब्सन आणि पीटर मेडावर यांनी भाजलेल्या एका स्त्रीला तिच्या भावाच्या कातडीचे लहान लहान तुकडे लावले. ते थोडे दिवस टिकले आणि नष्ट झाले. त्याच भावाच्या कातडीचे तुकडे पुन्हा लावले, तेव्हा ते आधीपेक्षा लवकर नष्ट झाले. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचे महत्त्व शिक्षकांच्या लगेच लक्षात येईल. दुसऱ्या वेळी लवकर प्रतिक्रिया येणे म्हणजे शरीराला पहिली भेट आठवणे. देवीची लस टोचल्यावर शरीर जे करते तेच येथे घडत होते. कलम नाकारणे हे प्रतिकार यंत्रणेचे काम आहे, हे यावरून दिसून आले.

पुढे ओळखपत्रे सापडली. पॅरिसच्या झाँ दोसे यांनी १९५८ मध्ये पांढऱ्या पेशींवरील अशा पहिल्या खुणेचे वर्णन केले. आज या प्रथिनांच्या गटाला एचएलए म्हणतात. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि ती माणसागणिक इतकी बदलतात, की सख्ख्या भावंडांतही पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक एवढीच असते.

याच काळात मुंबईच्या परळ भागात या विषयातली मोलाची कामे झाली. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तगटाचे वर्णन केले. या व्यक्तींचे रक्त ओ गटाचे वाटे, पण ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नसे. ओ गटाच्या पेशींवर एच नावाची खूण असते, आणि या व्यक्तींच्या शरीराला तीही परकी वाटे. हाच 'बॉम्बे' रक्तगट. 'ओ गट सर्वांना चालतो' हे वाक्य आपण वर्गात सांगतो. त्याला अपवाद आहे, हे परळमध्ये कळले.

त्याच परळमध्ये डॉ. कमल रणदिवे यांनी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. १९८३ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. अस्थिमज्जेत रक्ताच्या मूलपेशी असतात, म्हणून आपल्या देशातला मूलपेशी-उपचारांचा इतिहास येथून मोजायला हरकत नाही. या उपचारात एक गोष्ट उलटी असते. पाहुणा म्हणून आलेली मज्जा स्वतःच पहारेकरी तयार करते, आणि ते पहारेकरी यजमानाच्या शरीरावर हल्ला करू शकतात. त्यामुळे एचएलएची जुळणी येथे फार काटेकोरपणे पाहावी लागते.

मेंदूला सूट आहे?

आता गुरुजींच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येऊ. कातडी, मूत्रपिंड, मज्जा यांना जो नियम लागतो तो मेंदूला लागतो का?

न्यूयॉर्कच्या गिलमन थॉम्पसनने १८९० मध्ये मांजराच्या मेंदूचा तुकडा कुत्र्याच्या मेंदूत बसवून पाहिला होता. त्यातून ठोस काही हाती लागले नाही. मर्फी आणि स्टर्म यांचा १९२३ चा प्रयोग अधिक बोलका होता. उंदराच्या गाठीचा तुकडा घुशीच्या जातीतल्या पांढऱ्या रॅटच्या कातडीखाली ठेवला तर नष्ट होई, पण त्याच्या मेंदूत ठेवला तर वाढे. मात्र त्याच रॅटच्या प्लीहेचा तुकडा शेजारी ठेवला, की मेंदूतली गाठही टिकत नसे. प्लीहा हे पहारेकऱ्यांचे ठाणे. म्हणजे मेंदू परक्याला आवडीने ठेवून घेत नव्हता. तेथे पहारेकरी पोचत नव्हते, इतकेच.

१९४८ मध्ये मेडावरने हा मुद्दा नेमका केला. त्याने सशांच्या मेंदूत दुसऱ्या सशाची कातडी ठेवली. ती टिकली. मग काही सशांना आधी छातीवर त्याच दात्याची कातडी लावली आणि नंतर मेंदूत. आता मेंदूतली कातडीही नष्ट झाली. मेंदूतून तक्रार बाहेर जाण्याची सोय अपुरी आहे, पण बाहेर निघालेला हुकूम मेंदूतही बजावला जातो, असा या प्रयोगाचा अर्थ.

दुर्दैवाने या निष्कर्षाचा पहिला अर्धा भाग लोकांच्या लक्षात राहिला. 'मेंदू हे प्रतिकारातून सूट मिळालेले स्थान आहे' असे पाठ्यपुस्तकांत आले आणि दुसरा अर्धा भाग मागे पडला. सूट का, याची कारणेही सांगितली जात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात. चेतापेशींवर एचएलए प्रथिने फार थोडी असतात. मेंदूला लसिकावाहिन्या नसतात. यातल्या पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. तिसरी मात्र तशी राहिली नाही. २०१५ मध्ये उंदरांच्या मेंदूच्या आवरणात लसिकावाहिन्या सापडल्या, आणि त्या मानेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत जातात हे दिसले. तक्रार बाहेर नेणारी वाट होती. ती फक्त अरुंद होती.

सूट नव्हे, मुदत

या समजुतीची परीक्षा माणसांवर झाली. कंपवातात मेंदूच्या तळाकडच्या एका काळसर पट्ट्यातल्या, डोपामीन बनवणाऱ्या चेतापेशी मरतात. त्या जागी नव्या पेशी लावता येतील का? स्वीडनमधल्या लुंड येथे १९८७ पासून गर्भाच्या मेंदूतल्या पेशी कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत लावण्यास सुरुवात झाली. काही रुग्णांना खरोखर लाभ झाला, आणि काहींच्या मेंदूत या पेशी दशकाहून अधिक काळ जिवंत राहिल्या.

मग अमेरिकेत दोन काटेकोर चाचण्या झाल्या. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत प्रतिकार दडपणारे औषध दिलेच नव्हते. तरी कलम केलेल्या २० पैकी १७ जणांच्या मेंदूत पेशी रुजल्याचे प्रतिमांवरून दिसले. मेंदू उदार आहे, या मताला हा मोठा आधार होता. पण रुजलेल्या पेशींच्या मानाने रुग्णांना झालेला फायदा थोडा होता, आणि काहींना अनावर हालचालींचा नवा त्रास सुरू झाला. २००३ च्या दुसऱ्या चाचणीत सायक्लोस्पोरिन हे औषध सहा महिने दिले. सहा ते नऊ महिन्यांपर्यंत रुग्ण सुधारले आणि नंतर पुन्हा घसरले. पुढे मरण पावलेल्या काही रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा कलमाच्या पेशी जिवंत होत्या, पण त्यांच्याभोवती प्रतिकाराच्या पेशी गोळा झालेल्या दिसल्या. औषध थांबणे आणि घसरण सुरू होणे यांचा संबंध आहे अशी दाट शंका संशोधकांनी व्यक्त केली.

फ्रान्समध्ये हंटिंग्टन या दुसऱ्या मेंदूविकाराच्या रुग्णांवर अशीच कलमे झाली. तेथे २००७ मध्ये शंकेला पुरावा मिळाला. काही रुग्णांच्या रक्तात दात्याच्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. एका रुग्णात तर औषध बंद केल्यावर मेंदूतल्या कलमाविरुद्ध प्रत्यक्ष प्रतिक्रिया उमटली, आणि औषध पुन्हा सुरू केल्यावर ती ओसरली.

या सगळ्याचा मेळ असा घालता येईल. कलम करताना सुई मेंदूत शिरते आणि घट्ट भिंती काही काळ फुटतात. दात्याच्या पेशींबरोबर रक्तवाहिन्यांच्या व इतर पेशीही येतात, आणि त्यांच्यावर एचएलएच्या खुणा अधिक असतात. दाह झाला की निघणारे इंटरफेरॉनसारखे रेणू चेतापेशींवरही त्या खुणा वाढवतात. मेंदूतल्या स्वतःच्या रक्षक पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, जाग्या होतात. या घटना कातडीतल्याइतक्या झपाट्याने घडत नाहीत. काही रुग्णांत त्या घातक ठरत नाहीत, काहींत ठरतात. मेंदू परक्याला माफी देत नाही. मुदत देतो, आणि ती प्रत्येकाला सारखी नसते.

मूलपेशी आल्या

गर्भातल्या पेशींचा पुरवठा मर्यादित असतो आणि त्यांना नैतिक आक्षेपही होते. १९९८ मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातल्या मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. या पेशींपासून शरीरातली कोणतीही पेशी बनवता येते. परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेतही पुढे अशा पेशींचे दोन वंश तयार झाले. त्यांना 'काइंड-१' आणि 'काइंड-२' अशी नावे आहेत. पुरवठ्याचा प्रश्न सुटण्याची आशा निर्माण झाली. परकेपणाचा प्रश्न जसाच्या तसा राहिला, कारण भ्रूणाची एचएलए त्या भ्रूणाची असते, रुग्णाची नसते.

२००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या त्वचापेशीला चार जनुकांच्या साहाय्याने मूलपेशीच्या अवस्थेत परत नेले. पुढच्या वर्षी माणसाच्या पेशींतही ते साधले. आता रुग्णाच्याच त्वचेपासून चेतापेशी बनवणे शक्य झाले. २०२० मध्ये अमेरिकेत कंपवाताच्या एका रुग्णाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्याच्याच त्वचेपासून बनवलेल्या पेशी त्याच्या मेंदूत बसवल्या होत्या. प्रतिकार दडपणारे औषध दिले नव्हते, तरी दोन वर्षांनी पेशी टिकून होत्या. कावसजीच्या कपाळाची कातडी नाकावर बसवली, तेच तत्त्व सव्वादोनशे वर्षांनी मेंदूत आले.

पण एकेका रुग्णासाठी एकेकदा पेशी घडवायच्या आणि तपासायच्या, तर वेळ आणि पैसा अपार लागतो. म्हणून क्योटोत वेगळा मार्ग धरला गेला. आईवडील दोघांकडून एकच एचएलए संच मिळालेले दाते थोडे असतात. त्यांच्या पेशींवर खुणांची विविधता निम्मी असल्याने त्या अधिक लोकांशी जुळतात. अशा दात्याच्या पेशींपासून बनवलेल्या चेतापेशी २०१८ पासून सात रुग्णांच्या मेंदूत लावल्या गेल्या. सोबत टॅक्रोलिमस हे औषध होते. ते जपानमधल्याच मातीतल्या एका जिवाणूपासून सापडलेले आहे. २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गंभीर अपाय आढळला नाही, आणि परिणाम मोजलेल्या सहांपैकी चार जणांच्या हालचाली, नेहमीच्या औषधाचा अंमल नसतानाही, सुधारल्या. त्याच वेळी अमेरिका व कॅनडातल्या बारा रुग्णांचेही निष्कर्ष आले. त्यांना भ्रूणमूलपेशींपासून बनवलेल्या पेशी दिल्या होत्या आणि प्रतिकार दडपणारी औषधे एक वर्ष. औषधे थांबवून सहा महिने झाल्यावरही पेशी कार्यरत असल्याचे प्रतिमांवरून दिसले.

ही उमेद वाढवणारी बातमी आहे. पण २००३ चा धडा ताजा आहे, आणि दीड-दोन वर्षे हा अशा कलमाच्या आयुष्यातला छोटा काळ आहे. आपल्यापुढे आणखी एक प्रश्न आहे. जपानी समाज बराच एकजिनसी आहे. आपल्याकडे शतकानुशतके जातीपोटजातींत लग्ने होत आल्याने एचएलएचे असंख्य वेगवेगळे संच तयार झाले आहेत. क्योटोचे थोडे दाते जपानला पुरतील. आपल्याला किती लागतील, याचा हिशेब आपल्यालाच करावा लागणार आहे.

गुरुजींच्या जाहिरातीकडे

हे सारे आम्ही गुरुजींना ओसरीवर बसून सांगितले. त्यांनी जुन्या सवयीने मध्येच अडवले. "पण हे लोक म्हणतात, पेशी माझ्याच मज्जेतल्या काढून मलाच टोचणार. मग नकाराचा प्रश्न कुठं राहिला?"

नकाराचा प्रश्न राहत नाही, हे खरे. पण पुण्याच्या कारागिराने नाकाला कातडी हवी म्हणून कातडीच घेतली होती. मज्जेतल्या मूलपेशी रक्त बनवतात. त्या मेंदूत जाऊन डोपामीन बनवणाऱ्या चेतापेशी होतात, याला मान्य होईल असा पुरावा नाही. पेशी आपली असावी लागते, तशी ती कामाचीही असावी लागते. यातली एकच अट पाळणारा उपचार निरुपद्रवी असला तरी निरुपयोगी असू शकतो, आणि शेत मात्र जाते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक विकारांसाठी होणारे मज्जा प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीत करता येतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. जाहिरातवाल्यांना विचारायचे प्रश्न आम्ही गुरुजींना एका कागदावर लिहून दिले. पेशी कोणाची? कोणत्या प्रकारची? परकी असेल तर कोणते औषध, किती काळ? चाचणीची नोंदणी कुठे आहे? आणि पैसे कशाचे?

शिक्षकांनी हेच प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात ठेवून पाहावेत. गावात संत्र्याचे किंवा आंब्याचे कलम करणारा माळी असेल तर त्याला बोलवावे. त्याचे काम झाल्यावर मुलांना विचारावे, की झाडाला हे जमते ते आपल्याला का जमत नाही? उत्तर शोधताना मुले 'आपले' आणि 'परके' या शब्दांचा शरीरशास्त्रातला अर्थ स्वतःच मांडतील.

पुढच्या आठवड्यात गुरुजींचे पत्र आले. अक्षर बारीक आणि कापरे होते. जाहिरातवाल्यांना फोन केला, पाचपैकी पहिल्याच प्रश्नाला नीट उत्तर मिळाले, म्हणून शेत विकणे रद्द केले, असे त्यांनी कळवले होते. नेहमीची औषधे आणि सकाळचे फिरणे चालू आहे. खाली एक ओळ अधिक होती. बांधावरच्या जंबेरीवर या वर्षी डोळा भरायचा आहे, हात थरथरतो म्हणून चाकू नातवाच्या हातात देणार आहे, आणि तो शिकेपर्यंत शेजारी उभा राहणार आहे.